लाटेवर लेकरू, सुकाणूवर कोण?

गेल्या अंकात वेकसर्फिंगबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटीतल्या टाक्यांमध्ये तळ्याचं पाणी भरून ती मुद्दाम जड करतात. अशी जड बोट ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटरने निघाली की तिच्या मागे एक लाट उठते आणि बोटीबरोबरच चालत राहते. त्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं, आधी दोर धरून आणि जमलं की दोर सोडून. समुद्र लागत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या तळ्यांवर हे खूळ जोरात आहे आणि आपली मराठी घरंही त्यात उतरली आहेत. मी मूळची मालवणची. आता डॅलसच्या उत्तरेला राहते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बोटीच्या सुकाणूवर काढते. उत्तरं त्या खुर्चीतून दिलेली आहेत.

ताई, मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा पाच. शेजाऱ्यांनी नवी सर्फ बोट घेतली आहे आणि येत्या शनिवारी दुपारी लुइसव्हिल लेकवर दोघांना घेऊन या म्हणतात. दोघंही पोहण्याच्या क्लासला जातात. पाच वर्षं फार लहान आहे का?
एक आई, फ्रिस्को, टेक्सास

वयाचा असा नियम नाही. पाच वर्षांची पोरं फळीवर मजेत उभी राहिलेली मी पाहिली आहेत, आणि अकरा वर्षांचा मुलगा दोर हातात घेताच रडवेला झालेलाही. वय सोडून मी वेगळंच बघते. लाइफ जॅकेट घालून मूल पाठीवर निवांत तरंगतं का? नाकातोंडात पाणी गेलं तर खोकून पुन्हा हसतं का, की आईच्या गळ्याला मिठी मारतं? आणि ‘थांब’ म्हटलं की थांबतं का? यातलं शेवटचं जमत नसेल तर बाकीची दोन जमून उपयोग नाही.

क्लासमधल्या पोहण्यावर फार विसंबू नका. क्लासच्या तलावाचा तळ दिसतो, कडा हाताला लागते. लुइसव्हिलचं पाणी मातकट. कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. पहिल्यांदा त्या पाण्यात उतरलेलं मूल पोहायला येत असूनही बावरतं. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन बंद करून बोटीशेजारी फक्त डुंबू द्या.

जॅकेट तुमचं तुम्ही न्या, शेजाऱ्यांच्या बोटीतलं चालवून घेऊ नका. आतल्या पट्टीवर कोस्ट गार्डची मान्यता आणि वजन छापलेलं असतं: ३० ते ५० पौंडांचं लहान मुलांचं, ५० ते ९० पौंडांचं त्याहून मोठ्यांचं. शाळेचा गणवेश आपण दोन बोटं सैल शिवतो तसं हे घेऊ नका. सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकून कानाला लागलं तर मोठं आहे, दुकानात परत द्या. फुगवायची जॅकेट्स सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नसतातच. टेक्सासमध्ये २६ फुटांखालच्या बोटीत, बोट नांगरलेली किंवा काठाला बांधलेली नसताना, तेरा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जॅकेट हवंच असा कायदा आहे. म्हणजे तुमच्या दोघांनी ते बोटीत बसल्या बसल्याही घालायचं आहे, नुसतं पाण्यात उतरताना नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. शनिवारी चालवणार कोण? बोट नवी असली की बहुधा मालकही नवाच असतो. शेजाऱ्यांना सरळ विचारा: लहान मुलाला मागे घेऊन याआधी चालवली आहे का? बोटिंगचा कोर्स केला आहे का? टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे, पण त्याआधी जन्मलेल्यांना तळं काही सवलत देत नाही. इंजिन बंद करणारी दोरी, जिचं एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायचं असतं, ती अडकवतात की डॅशबोर्डवर लोंबकळत असते? आणि कूलरमध्ये काय आहे? ‘एकच बिअर’ घेतलेल्या माणसाच्या हातात मी माझं मूल देत नाही. शेजाऱ्यांना राग आला तर येऊ द्या.

माझं मत विचाराल तर मुलीला जाऊ द्या. मुलाला बोटीत बसवा, डुंबू द्या, फळी या खेपेला नको. आणि दुपारची वेळ बदलून घ्या. शनिवारी दुपारी लुइसव्हिलवर इतक्या बोटी असतात की पाणी उकळल्यासारखं दिसतं. सकाळी सातला जा.

आमच्याकडे आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेर बसवलेल्या) इंजिनची जुनी पण चांगली बोट आहे. वेग तर ताशी पंधरा-सोळाच ठेवायचा असतो, मग हिच्या मागे मुलाला सर्फ का नाही करू द्यायचं? मुळशीला मित्राच्या बोटीमागे असं करता येईल का, असं पुण्याचा भाऊही विचारतो.
एक बाबा, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

नाही. तुमच्याकडेही नाही आणि मुळशीलाही नाही.

प्रश्न वेगाचा नाही, पंख्याचा आहे. (आमच्याकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात.) पाण्यातल्या स्कीवरचा माणूस लांब दोरावर असतो, बोटीपासून दूर. वेकसर्फिंगमध्ये दोर जेमतेम वीस-पंचवीस फुटांचा, आणि लाट जिथे सर्वांत चांगली तिथे मूल बोटीच्या मागच्या कडेपासून काही हातांवर येतं. आउटबोर्डचा पंखा नेमका त्या कडेच्या मागे, मुलाच्या बाजूला फिरत असतो. स्टर्नड्राइव्हचंही, म्हणजे इंजिन आत पण पंखा मागे बाहेर असतो त्या बोटीचंही, तेच. लाटेने मुलाला पुढे ढकललं, चालवणाऱ्याने दचकून वेग कमी केला, की मूल सरळ त्या पंख्याकडे घसरतं. लाट थांबत नाही, ती पुढेच ढकलत असते. हे व्हायला एक क्षण पुरतो.

सर्फसाठीच्या बोटींत इंजिन आत असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, बोटीच्या मागे पाण्यात उतरायला जी फळी जोडलेली असते तिच्या बराच पुढे. अलीकडे काही बोटींना पुढे तोंड केलेले पंखेही येतात, तेही पोटाखाली ओढलेले. त्या चालतात, पण आपली बोट त्यातली आहे हे कागदावर बघून खात्री करा, ‘दुकानदार म्हणाला’ यावर नको.

तुमच्या बोटीचं वाईट वाटून घेऊ नका. लांब दोर लावून मुलांच्या स्की किंवा गुडघ्यांवर बसायचा नीबोर्ड, यासाठी ती उत्तम आहे. मूल सर्फ शिकणारच असेल तर आधी त्यावर दोराची सवय होईल.

मुलगी नऊ वर्षांची आहे. बोट निघाली की लगेच उभी राहायला जाते आणि तोंडावर आपटते. नवरा बोटीतून ओरडत असतो, “गुडघे वाकव! हात सरळ ठेव!” आता ती पाण्यात उतरायलाच तयार नाही.
मॅकिनीहून

आधी यजमानांना ओरडणं बंद करायला सांगा. इंजिन, वारा आणि कानात गेलेलं पाणी यातून तिला शब्द पोचतच नाहीत. बाबा चिडले आहेत एवढंच पोचतं.

शिकवायचं ते घरी, गालिच्यावर. फळी समोर ठेवा, तिला मागे बसवा, टाचा फळीवर, गुडघे छातीशी. हातात जुनी ओढणी द्या, दुसरं टोक तुम्ही धरा. हात सरळ, गुडघ्यांवरून पुढे. आता तुम्ही हळूहळू ओढा. ती काय करेल बघा: कोपर दुमडून ओढणी स्वतःकडे खेचेल. सगळी मुलं खेचतात. खेचलं की ती मागे कलंडेल. हसू द्या, पुन्हा करा, जोवर तिचं तिला कळत नाही की आपण ओढायचं नाही, ओढलं जायचं. तुमच्या ओढण्याने तिचं बूड आपोआप उचललं गेलं पाहिजे, आणि उचललं गेलं की तिने उभं राहायचं नाही, उकिडवं बसायचं. हा शब्द तिला मराठीतच शिकवा. इथले प्रशिक्षक एकेका मुलाला ‘खाली राहा, लहान राहा’ असं किती परीने सांगत असतात. आपल्याला ‘उकिडवी बस’ एवढं पुरतं. उकिडवं बसून पाच अंक मोजायचे, मग उठायचं.

कुठला पाय पुढे ठेवायचा हे तिला विचारू नका. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरायला सांगा. जो पाय आपसूक पुढे जाईल तो तिचा. डावा पुढे असेल तर बोटीच्या डाव्या बाजूची लाट, उजवा असेल तर उजवीकडची, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. आजवर तिला उलट्या बाजूला उभी करत नव्हतात ना, तेही तपासा.

पाण्यात तुम्ही किंवा दुसरं कुणी मोठं माणूस तिच्या शेजारी उतरा, जॅकेट घालून, भडक रंगाचं. ती पाठीवर तरंगेल, फळी आडवी, टाचा तिच्या कडेवर. तुम्ही पाठीमागून तिचं जॅकेट धरून ठेवा. बोट नुसती गिअरमध्ये टाकायची, थ्रॉटलला हात लावायचा नाही. त्या मंद ओढीनेच फळी तळव्यांना येऊन चिकटते आणि मूल पाण्यातून सरकू लागतं. पहिले काही वेळा इथवरच. उभं राहायची भाषाच नको. मुलांना हे सरकणंच फार आवडतं आणि पोटातली भीती त्यातच निघून जाते.

त्यानंतर चालवणाऱ्याने वेग असा वाढवायचा की बोटीत कुणाच्या हातातला चहा हिंदकळणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ताशी नऊ-दहा मैल पुष्कळ झाले. मोठ्या माणसाला अकरा-बारा लागतात. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, दोष तिच्या गुडघ्यांचा कमी आणि थ्रॉटलवरच्या हाताचा जास्त. ऐंशी किलोच्या माणसाला पाण्याबाहेर काढायला जेवढा जोर लागतो तेवढाच पंचवीस किलोच्या पोरीला दिला, तर दोर तिला फळीवरून उचलून पुढे फेकतो. ती तोंडावर पडणारच. बॅलास्टच्या, म्हणजे बोट जड करायच्या पाण्याच्या, टाक्याही काठोकाठ भरायची गरज नाही; तिला त्या डोंगराएवढ्या लाटेचा उपयोग नाही. आणि ते पाणी बोटीच्या भारात मोजलं जातं. टाक्या भरून, वर दहा माणसं, त्यात चार मुलं पुढच्या सीटवर, अशी बोट स्वतःच्याच लाटेत नाक घालते आणि समोरून पाणी आत येतं. किती भार चालेल त्याची पाटी बोटीवर असते, ती वाचा.

दोर सोडायची घाई करू नका. ती लाटेत नीट बसली की दोर आपसूक ढिला पडेल, आणि एक दिवस ती स्वतःच सोडेल. मात्र ढिल्या दोरावर डोळा ठेवा. हँडलमधून हात किंवा डोकं घालायचं नाही, दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, सोडताना तो लाटेच्या बाहेरच्या बाजूला टाकायचा. बोटीतल्याने तो लगेच आत ओढून घ्यायचा.

पडायलाही शिकवा. मागे किंवा बाजूला, हात पसरून, अंग सैल सोडून पडायचं. डोकं खाली घालून सूर मारायचा नाही. वर येताना हात डोक्यावर, कारण फळीही तिथेच कुठेतरी वर येत असते. मग दोन्ही हात डोक्यावर जुळवून दाखवायचे: मी ठीक आहे. हा हात दिसेपर्यंत बोटीत कुणी फोटो बघत बसायचं नाही.

आणि परत आणताना: बोट सावकाश वळवून, चालवणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे बहुतेक बोटींत उजवीकडून, मूल सतत नजरेसमोर ठेवून जायचं. अलीकडेच इंजिन बंद करायचं. न्यूट्रल नव्हे, बंद. उरलेलं अंतर ती पोहत येईल किंवा दोर धरून ओढून घ्या. मुलाला उचलायला रिव्हर्स घेत जायचं नाही, दोनच हात अंतर असलं तरी नाही.

तिला पुढचा एक-दोन आठवडे बोटीत नुसतं बसू द्या. कुणी आग्रह करू नका, विशेषतः “शेवटचं एकदाच कर” हे वाक्य घरात बंद. तिचे ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले तर उन्हाळा असला तरी त्या दिवसापुरतं संपलं.

लेक लेनियरवर मुलगी मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती, बोट हळूहळू चालली होती. अर्ध्या तासाने तिचं डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली. सगळे म्हणाले, बोट लागली असेल. तसं होतं का?
एक आई, जॉर्जिया

बोट लागतेही. पण मागच्या फळीवर बसलेल्या मुलाला हे झालं तर आधी कार्बन मोनॉक्साइड समजायचं आणि मग दुसरं काही.

इंजिनाच्या धुरातला हा वायू दिसत नाही, वास येत नाही. बोट हळू चालताना, त्यातून मागून वारा असला तर, तो बोटीच्या पाठीशीच साचतो, आणि लहान मुलाला मोठ्यापेक्षा लवकर चढतो. २००० साली लेक पॉवेलवर एका हाउसबोटच्या मागच्या फळीखाली साचलेल्या या वायूने दोन लहान भाऊ गेले. त्यानंतर इकडचे लोक जरा जागे झाले. चालत्या बोटीच्या मागच्या फळीला लोंबकळायचा जो ‘टीक सर्फिंग’ नावाचा प्रकार आहे, त्याला कॅलिफोर्नियात २००५पासून कायद्यानेच बंदी आहे.

इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, फोटोपुरतंही नाही. सर्फ करणाऱ्या मुलाला बोटीला अगदी खेटून यायची सवय लावू नका. दुसऱ्या बोटी शेजारी लावून गप्पा मारायच्या असतील तर इंजिन किंवा जनरेटर चालू असलेल्या बोटीपासून किमान २० फूट लांब थांबा. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पेंग यातलं काहीही दिसलं तर इंजिन बंद, मूल मोकळ्या हवेत, आणि ९११ला फोन. कोविडपासून आपल्या घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. त्यावर ९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते यंत्र ऑक्सिजन आणि हा वायू यांत फरक करू शकत नाही, आकडा छानच दाखवतं.

मुलगी आता बरी असेलच, तरी तिच्या डॉक्टरांच्या कानावर हे घाला.

मी पुण्याहून लेकीकडे आले आहे. इथे नातवाला बोटीमागे फरफटवतात ते मला बघवत नाही. शिवाय तळ्याच्या पाण्यातला किडा नाकातून मेंदूत जातो म्हणे. आमच्या वेळी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडायचे, चार दिवसांत पोहायला यायचं. हे असले खेळ कशाला?
एक आजी, मुक्काम ऑस्टिन

आजी, डबा बांधून विहिरीत मलाही सोडलं होतं. पण वर काठावर दोर धरून कोण उभं असायचं ते आठवा. घरातलं सगळ्यात भरवशाचं माणूस. इथेही तेच बघायचं, आणि तुमच्या जावयांना बिनधास्त विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

किडा म्हणजे नेग्लेरिया नावाचा अमीबा. केरळात गेल्या दोन वर्षांत मेंदूत जाणाऱ्या अमीबाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, हा त्यातलाच. आजार होतो तेव्हा माणूस क्वचितच वाचतो, हे खरं. पण होतो फार क्वचित: साऱ्या अमेरिकेत वर्षाला दहाहून कमी. पाणी प्यायल्याने होत नाही, नाकात जोराने पाणी चढलं तरच. म्हणून नातवाला नाकाची क्लिप लावा, रोजची सवय म्हणून लावा. उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी कढत असताना, उथळ जागी तळाचा गाळ ढवळू देऊ नका. बस. याहून कितीतरी जास्त काळजी मला सैल जॅकेटची वाटते.

आणि आजी, बोटीत बसायला जा. पुढे नको, मधल्या सीटवर, वळणाला आधार धरून.

मी निवृत्त माणूस. तळ्याकाठी घर घेतलं ते शांततेसाठी. आता शनिवारी या सर्फ बोटींच्या लाटांनी माझी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) धक्क्यावर आपटते, काठ ढासळतो. तुम्ही या खेळाची जाहिरात करता याचं आश्चर्य वाटतं.
मिनेसोटा

काका, तुमची तक्रार रास्त आहे. बोटवाल्यांच्या संघटना काठापासून २०० फूट लांब राहा म्हणतात. तुमच्याच मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२मध्ये मोजून दाखवलं की साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला सर्फ बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. व्हरमाँटने २०२४पासून काठापासून ५०० फूट आणि २० फूट खोली असा नियमच केला. मी ५०० फूटवाल्यांच्या बाजूची आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही हेच सांगते, आणि त्यात मुलांचाही फायदा: मध्यभागी खोल पाणी, खाली बुडालेल्या झाडांचे खुंट नाहीत, बोटी लावायचे धक्के नाहीत. एकाच पट्ट्यात दिवसभर येरझाऱ्या घालणारे आणि वर स्पीकर लावणारे मला तुमच्याइतकेच डोक्यात जातात.

मी तेरा वर्षांचा आहे. लहान बहीण सर्फ करते तेव्हा बाबा मला मागे तोंड करून बसवतात आणि फोन काढून घेतात. खूप बोअर होतं. हे बाबांना आरशात दिसत नाही का?
एक मुलगा, प्लेनो

दिसतं, पण बाबांना पुढेही बघायचं असतं आणि एका डोक्याला दोनच डोळे. तू तेरा पूर्ण केलेस म्हणून टेक्सासचा कायदा तुला हे काम करू देतो. बारा वर्षांच्या तुझ्या मित्राला नाही. तेव्हा तुला उगाच बसवलेलं नाही.

काम असं. ती पडली की तू त्याच क्षणी हात वर करून मोठ्याने “पडली!” म्हणायचंस. ‘बहुतेक पडली’ नाही. मग हात तिच्या दिशेने रोखून धरायचास, बोट वळली तरी हात तिच्यावरच, म्हणजे बाबांना शोधावं लागत नाही. तिचे दोन्ही हात डोक्यावर जुळलेले दिसले की “ठीक आहे” सांगायचंस. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा; तिच्या खुणा बाबांपर्यंत पोचवणारा तूच. शेजारून दुसरी बोट तिच्याकडे येत असेल तर ती बाबांच्या आधी तुला दिसली पाहिजे. फोन काढून घेतात ते योग्यच करतात, माझ्या बोटीत मीही घेते. बोअर होतं हे मान्य. तुझी पाळी आली की मागे बघणारा कोण असावा असं तुला वाटेल, तेवढा विचार कर.

थोडक्यात

*हेल्मेट हवं का?* छोट्या लाटेवर, मऊ फोमच्या फळीवर मी आग्रह धरत नाही. फळी कडक असेल आणि मूल नवखं, तर पाण्याच्या खेळांसाठीचं हलकं हेल्मेट घाला. सायकलचं नको.

*पायात काय?* फळीवर अनवाणी. काठावर मात्र रबरी बूट, कारण इथल्या बऱ्याच तळ्यांत झेब्रा शिंपले पसरलेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. तळ्यावरून निघताना टाक्यांतलं पाणी तिथेच पूर्ण सोडून द्या, नाहीतर ते शिंपले तुमच्याबरोबर दुसऱ्या तळ्यावर पोचतात. टेक्सासमध्ये तो कायदाही आहे.

*तारकर्लीला बनाना राइडला मुलांना बसवू का?* जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून, हो. “असू द्या हो, काही होत नाही” म्हणणाऱ्याच्या बोटीत नको. आमचीच माणसं आहेत, म्हणून सांगते.

*बोटीत खायला काय न्यावं?* तिखटामिठाच्या पुऱ्या, केळी, भरपूर पाणी. भडंग आणि चिवडा नेऊ नका. वाऱ्याने सीटच्या फटीत जातो, भिजतो, आणि बोटीचा मालक पुन्हा बोलावत नाही.